फादरांनी वाचून दाखवलेला अंक

मार्थाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत बसलो होतो. "काशिनाथमामा, मावशी गेली," एवढंच त्यांची भाची बोलली. आता महिना उलटला. रडून झालं. खरं सांगू? आता बाई आठवल्या की ऊर भरून येतो तो अभिमानानं. जिंकून गेलेल्या माणसाचा शोक तरी किती करायचा!

गोष्ट जुनी, लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून होईस्तोवर दुष्काळ दाराशी येऊन बसला. बाई शहराबाहेरच्या एका गावात मिशनच्या शाळेत शिकवायच्या. पक्क्या कॅथलिक, रविवारची चर्चमधली उपासना, मिस्सा, कधी चुकवायच्या नाहीत. गावातल्या विहिरी आटल्या आणि पाणी उरलं ते फक्त चर्चच्या आवारातल्या हापशाला. फादरांनी फाटकाला कुलूप घातलं. पाणी मिळणार ते वसतिगृहाला आणि चर्चला येणाऱ्या घरांना, बाकीच्यांनी आपलं बघावं! माणूस वाईट नव्हता, वसतिगृहातली लेकरं तहानेली राहतील ही त्यांची धास्ती खरी होती. पण फाटकाबाहेर रिकाम्या घागरी घेऊन आमच्या बौद्ध समाजाच्या बाया उभ्या असायच्या, कुणब्यांच्या असायच्या, बाईंच्याच वर्गातल्या पोरींच्या आया असायच्या. बाईंनी फादरांना परोपरीनं विनवलं. "हा कारभाराचा विषय आहे, तुम्ही शाळा बघा," हे उत्तर.

मग एके दिवशी बाई हातानं लिहिलेली चार पानं घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मासिक काढायलेय. नाव 'आवार'. छापून द्या." मी पानं चाळली आणि हात जोडले. "बाई, मी बौद्ध माणूस. तुमच्या घरच्या भांडणात मला कशाला ओढता?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले. तुम्हाला फादरांची भीती न्हाई."

"आणि तुम्हाला? नोकरी जाईल की!"

"जाईल," बाई म्हणाल्या. "पण चर्च माझं हाय, भाऊ. परक्याचं असतं तर गप बसले असते." मी अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले.

अंक वाटला गेला, पण गावात वाचता येणारे कितीसे? निम्म्या बायांनी त्यात शेंगदाणे बांधून ठेवले. बाई खट्टू झाल्या. तेवढ्यात निरोप आला की येत्या रविवारी फादर भर चर्चमध्ये बाईंचा समाचार घेणार आहेत. "भाऊ, या तुम्ही. आपलं एक तरी माणूस असू द्या," बाई म्हणाल्या. मी गेलो आणि दाराशी चपलांपाशी उभा राहिलो.

मिस्सेत फादर त्या उंच मेजापाशी गेले, जिथून शास्त्रपाठ वाचतात. हातात 'आवार'. यात किती विष आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी पहिलाच लेख अथपासून इतिपर्यंत वाचला! आवाज काय तो खणखणीत! देवाच्या दारातल्या पाण्याला कुलूप कुणाच्या हुकमानं, हा बाईंचा सवाल शेवटच्या बाकापर्यंत पोचला. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांनीही तो ऐकला. वाचून संपलं, फादर श्वास घ्यायला थांबले... आता त्या मेजावरून पाठ वाचून झाला की लोकांनी काय म्हणायचं ते वर्षानुवर्षं ठरलेलं. सवयीनं अख्खं चर्च एका सुरात म्हणालं, "देवाला धन्यवाद!"

अरे देवा! आपण कशाला धन्यवाद म्हणालो ते लोकांच्या ध्यानात आलं. मग मागच्या बाकावर एक म्हातारी खुदकन हसली, आणि हसू सगळीकडं पसरलं. फादरांचा चेहरा लालबुंद. त्यांनी अंकाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि मिस्सा पुढं चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडं होतं. वसतिगृहाचं पाणी आधी भरायचं आणि मग साऱ्या गावाचं, असं ठरलं. हापसा काही आटला नाही.

शाळेतून बाईंना काढलंच. घरी शिकवण्या घेऊन त्यांनी पोट भरलं आणि अंक चालवला. पुढं नवे फादर आले, त्यांनी परत शाळेत बोलावलं. तर बाई म्हणतात कशा, "आता मला सवड न्हाई, फादर. अंकाचं काम लई हाय." जुने फादर बदलून गेले तरी वर्गणी पाठवत राहिले, हेही सांगायला हवं.

गेल्या आठवड्यात बाईंच्या माघारी पहिला अंक निघाला. मजकूर भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी परस्पर जुळवला आणि मला न दाखवता छापूनही घेतला होता. बाईंच्या घरी, पुढच्या खोलीत, घड्या घालायला बाया जमल्या होत्या. मला वाटलं, पहिल्या पानावर बाईंचा फोटो असेल, काळी चौकट असेल. कुठलं काय! पहिल्याच पानावर सवाल: 'आवार'वर इतकी वर्षं एकट्या मार्थाबाईंचंच नाव का? घड्या घालणाऱ्या, गावोगाव अंक पोचवणाऱ्या बायांची नावं कुठं गेली?

मी भडकलो. "अगं, बाईंची माती अजून ओली हाय!"

भाची घडीवरून नख फिरवत म्हणाली, "मामा, मावशीला भिऊन आम्ही गप बसलो असतो ना, तर तिनंच आम्हाला धुतलं असतं."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. मी खाली बसकण मारली आणि गठ्ठा पुढं ओढला. शेवटच्या पानावर या वेळी साऱ्याजणींची नावं छापली होती, दाटीवाटीनं. त्यांतच कुठंतरी मधे बाईंचंही होतं... इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते शोधावं लागलं.