सतरावी बाहुली

कागदआजी मुलांना बाहुलीचे डोळे काढू देत नसे. नाक नाही, तोंड नाही, नुसता पांढऱ्या कागदाचा कापलेला माणूस. एखाद्या पोरीने गुपचूप दोन ठिपके दिलेच, तर आजी ती बाहुली शांतपणे काढून घ्यायची, नवा कागद पुढे सरकवायची आणि म्हणायची, "डोळे दिलेस की ती तुला ओळखते, बाये." हे ती हसत म्हणायची, पण ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

तिचं खरं नाव फुमिए. अस्सल जपानी बाई, पण मराठी अशी फर्डी की नवीन माणूस चाटच पडायचा. तिचा नवरा मिरजेचा. लग्नानंतर सहा वर्षं तिने मिरजेत सासूच्या हाताखाली काढली आणि सासूची मराठी जशीच्या तशी उचलून जपानात, उरायासुला परत आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून आमच्यासारखी पुण्यामुंबईची कुटुंबं इथे राहायला आली तेव्हा तिने आम्हाला जवळजवळ पकडूनच नेलं. "आलीस होय गं? बस. चहा केलाय, जपानी नाही, आपला."

शनिवारी सकाळी वस्तीच्या सभागृहात ती मुलांना जुने सण शिकवायची. थंडी संपताना राक्षसाचे मुखवटे आणि भाजलेले सोयाबीन, उन्हाळ्यात बांबूला बांधायच्या चिठ्ठ्या. हातात कात्री आणि तोंडात गोष्ट. तिच्या गोष्टी मात्र पोरांना झोपवणाऱ्या नव्हत्या. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा आनंदाचं काही सांगा ना! सण आहेत हे." तर म्हणाली, "माणसं घाबरली म्हणून सण झाले. आनंद मागनं चिकटला."

ओबोन म्हणजे आपला पितृपक्षच, फक्त भर उन्हाळ्यातला. त्याला ती काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करायला लावायची. पाय काड्यांचे. मेलेली माणसं घोड्यावरून घाईने घरी येतात आणि गाईवरून रमतगमत परत जातात. मुलांना घोडाच आवडायचा. कोणी नुसता घोडा करून पळायला लागलं की आजी मनगट धरायची. "आणणारा केलास, आता नेणारी कर. नाहीतर आलेलं माणूस जात नाही." एरवी मऊ असलेला तिचा हात तेव्हा मात्र चांगला घट्ट बसायचा.

त्या वर्षी वसंताच्या तोंडावर बाहुल्यांचा शनिवार आला. बाहुलीवर आपलं नाव आणि वय लिहायचं, ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर तीनदा फुंकर घालायची आणि आजीच्या खोक्यात टाकायची. आजी मग ते खोकं घेऊन माहेरच्या गावी जायची आणि सगळ्या बाहुल्या नदीत सोडायची. तेव्हा तिने एका मुलीची गोष्ट सांगितली. तिला बाहुली फार आवडली म्हणून तिने ती उशीखाली लपवून ठेवली. "मग?" पोरं म्हणाली. "मग काही नाही. तिची गोष्ट तिथेच संपली," आजी म्हणाली आणि कागदाचे कपटे गोळा करायला लागली.

माझी मीरा सहा वर्षांची. मी मराठीत विचारावं, तिने जपानीत उत्तर द्यावं, असं आमचं चाललेलं. त्या दिवशी कोणी न सांगता तिने बाहुलीवर देवनागरीत लिहिलं, 'मीरा, ६'. आयुष्यात पहिल्यांदा! मला रडूच फुटलं. आवराआवर करताना मी ती बाहुली खोक्यातून हळूच काढली, पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन फ्रिजवर लावली.

दोन दिवसांनी आजीचा फोन आला. "सतरा पोरं होती. नदीवर सोळाच निघाल्या. तुझ्याकडे राहिली काय गं?"

"नाही हो. पडली असेल कुठेतरी," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

ती म्हणाली, "बरं. मीराला जप."

चौथ्या दिवशी मीराला ताप भरला. उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणखी काय काय तपासलं, निदान होईना. आठव्या दिवशी तिला दवाखान्यात ठेवलं. मी कपडे न्यायला घरी आले, दूध काढायला फ्रिजपाशी गेले आणि ती पांढरी बाहुली समोर दिसली. अगं बाई, हा तर उतारा! मी मीठमोहऱ्या ओवाळून लेकीची दृष्ट काढणारी बाई, चौकातलं लिंबू दिसलं तर दहा हात लांबून जाणारी. आणि लेकीवरून उतरवलेलं मी कौतुकाने घरात आणून चिकटवलं होतं.

मी तशीच आजीच्या दारात गेले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बाहुली माझ्या हातून घेतली, उलटसुलट पाहिली. "अक्षर छान आहे गं," म्हणाली. "पण नदीचा दिवस गेला. आता राहू दे माझ्यापाशी."

"तुमच्यापाशी? आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"माझी सासू काय म्हणायची माहितीये? पोराबाळांचं म्हाताऱ्यांनी घ्यावं." आणि तिने बाहुली ब्लाउजच्या आत, छातीशी ठेवली. मी ती परत मागायला हवी होती. नाही मागितली. मला माझी मुलगी हवी होती.

मीराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. औषधाने, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. तीन महिन्यांनी आजी गेली. खोकला धरला होता, एवढंच. अंत्यविधीला आलेल्या तिच्या मुलाला मी चाचरत, जपानीतच विचारलं, "एक कागद होता त्यांच्याकडे..." तो म्हणाला, "छातीवरचा ना? तो काढायचा नाही, असं आईने बजावलं होतं. तिच्याबरोबरच जाळला."

ऑगस्टमध्ये ओबोन आला. मीराने स्वतःहून काकडी मागितली आणि सुरेख घोडा केला. त्याचं तोंड घराकडे करून तिने तो गॅलरीत ठेवला. मी वांगं पुढे केलं तर तिने हात मागे घेतले. दुसऱ्या दिवशीही घेतले. वांगं तिने सोफ्याखाली लपवून ठेवलेलं मला झाडताना सापडलं. शेवटच्या दिवशी मीच बसले आणि त्याला चार काड्या टोचल्या. काड्या नीट जाईनात. गाय कशीबशी उभी राहिली. मी तिचं तोंड बाहेर केलं.

मीराने पाहिलं आणि हुंदका देत म्हणाली, "आई, आजी राहिली असती ना गं आपल्याकडे."

अख्खं वाक्य मराठीत.

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."