सासूबाईंच्या दाराची बेल

शहापूरच्या बाजारात तो रेडिओ दुरुस्त करायचा. हातातलं काम खाली ठेवल्याशिवाय कोणाशी बोलायचा नाही आणि बोलताना आधी "बघा हं" म्हणायचा.

सासूबाईंना हल्ली विसर पडत होता. आमचं घर तानसा तलावाजवळ, आणि मी मागच्या वाडीत असताना त्या एकट्याच पाण्याच्या वाटेला लागायच्या. मी त्याच्या दुकानात जाऊन हे सांगितलं, तेव्हा त्याने उपाय काढला. दाराला लोहचुंबक आणि त्याच्यावर चालणारी स्वस्तातली बिनतारी बेल. दार उघडलं की वाडीत माझ्याजवळ वाजणार.

बेल लावायला तो आमच्या घरी आला तेव्हा कुठे काय बसवायचं ते मी भराभर सांगितलं. त्याने पिशवी उघडलीच नाही. तो सासूबाईंपुढे जमिनीवर बसला.

"बघा हं आजी, तुमी दार उघडलं का सुनेकडं बेल वाजल. लावू का?"

"त्यांना काय विचारता?" मी म्हणाले. "त्यांना कळत नाही."

"दार त्यांचंपन हाय ना, ताई."

सासूबाई हसल्या. "गायीला घंटा बांधतात, तशी का रे?"

"तशीच. तुमी नाय म्हनलात तर नाय लावनार."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "वाजली तर ही येल तरी माझ्याकडं."