दुसरी लाइन

“दुसरी लाइन पाव्हण्यावानी, ताई. कामापुरती यावी, काम झालं की जावी.” असं म्हणत राऊटर बघायला येणारा कंपनीचा माणूस त्याच्या दिव्यांसमोर उकिडवा बसायचा. पाव्हण्याला लवकर वाटेला लावणारा मराठवाड्यातला हा एकटाच! स्वतः मात्र चहा नको म्हणत दोन कप प्यायचा; अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तेव्हा डायल-अपचे दिवस होते. जळकोटच्या लहानशा दवाखान्यात मी काऊंटर सांभाळायचे. एक्स-रेचे फोटो सोलापूरच्या डॉक्टरांना पाठवायला राऊटरला दोन टेलिफोन लाइनी जोडल्या होत्या. पहिली फक्त त्याच कामाची. दुसरी म्हणजे आमचा नेहमीचा फोन. भार वाढला की राऊटर तीही ओढून घ्यायचा आणि तेवढा वेळ बाहेरून कुणाचा फोन लागायचा नाही. म्हणून यानं सेटिंगच असं ठेवलं होतं, की भार जरा उतरला की दुसरी लाइन लगेच सुटावी.

“दोन्ही कायम चालू ठेवा की,” मी म्हणायचे.

“आन् अडल्यानडल्याचा फोन आला तर?”

त्या दुपारी तो तुळजापूरहून आला तो उतरल्या चेहऱ्यानं. वडील अंथरुणाला खिळलेले. “भावाला हाच नंबर दिलाय. जास्त झालं तर बूथवरनं फोन करील.” मग आलात कशाला, म्हणून मी रागावलेच.

तेवढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून मानेला मार लागलेली एक बाई आणली. तिला कसं हलवायचं ते सोलापूरचे डॉक्टर फोटो बघून सांगणार होते. चुकलं तर बाई जन्माची लुळी.

फोटो सोलापूरकडं निघाला. दुसरी लाइन लागली, सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. भार सारखा वरखाली होत होता आणि त्याचं सेटिंग दर वेळी लाइन सोडून देत होतं. फोटो पुढं सरकेना. आमचे डॉक्टर दारातून ओरडत होते.

“धरून ठिवली तर फोन बंद ऱ्हाईल, ताई.”

बाई कण्हत होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि सेटिंग बदललं. लाइन लागली, टिकली. तो घाम पुसत फोनकडं बघत बसला. मला त्याच्याकडं बघवेना.

अखेर उत्तर स्क्रीनवर आलं. हाड मोडलंय, मान पक्की बांधूनच हलवा. त्यानं लगेच लाइन सोडली. थोड्याच वेळात फोन वाजला.

“तुमी घ्या,” तो म्हणाला.

“कवाधरनं लावतोय, लागतच न्हाय,” भाऊ रडत होता. “अण्णा गेले. दादाला बोलवा, दादाला बोलवा करीत हुते.”

मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. “व्हय. निघालो,” एवढंच तो बोलला. जाताना बाईच्या खाटेशी थांबून म्हणाला, “नीट बांधायलेत नव्हं?” पुढं कंपनीनं दुसराच माणूस पाठवला. हा पुन्हा दिसला नाही.

ती बाई आता बाजारात भाजी विकते. मागून हाक मारली की झटकन मान वळवते. “काय देऊ, ताई?” विचारते, आणि मला त्या दुपारी फोनकडं बघत बसलेला तो दिसतो.