दादाचे पफ-पफ

माझ्या मोठ्या भावाची लखनऊजवळ चिनहटच्या एका कारखान्यात बदली झाली. मुलांच्या शाळेसाठी वहिनी नाशिकलाच राहिली, म्हणून दादा आमच्या गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आला. येताना दोन सूटकेसा आणि अख्खी आफ्रिका घेऊन आला.

त्याआधी काही वर्षं तो नायजेरियात, लागोसजवळच्या एका कारखान्यात होता. तेवढ्या भांडवलावर तो सगळ्या खंडाविषयी बोलायचा. सकाळी धुक्यामुळे गाडी उशिरा निघाली की आफ्रिकेतलं ऊन. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी ई-रिक्षांची गर्दी झाली की आफ्रिकेतले रुंद रस्ते. माझा नवरा सुरुवातीला मान डोलवायचा, मग त्याने वर्तमानपत्र उघडून धरायला सुरुवात केली. माझी मुलगी तर सरळ कानात इअरफोन घालायची. प्रत्यक्ष तिकडे असताना दादा फोनवर एवढंच सांगायचा, की इथे दिवस जात नाही आणि परत कधी बोलावतील कळत नाही. हे त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं, पण मी बोलले नाही. मोठा भाऊ घरी राहायला आला की पहिले काही आठवडे माणूस सभ्य असतो.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी त्याने जाहीर केलं की आज मी तुम्हाला पफ-पफ खाऊ घालणार. मैद्याचे तळलेले गोड गोळे, तिकडे घरोघरी आणि रस्तोरस्ती करतात, असं त्याने सांगितलं. मग स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ताबा घेतला म्हणजे मी मैदा चाळला, साखर काढून दिली, जायफळ किसलं, कढई चढवली, आणि तो मध्यभागी उभा राहून यीस्ट म्हणजे काय ते मला समजावून सांगू लागला.

मी एका संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांवर काम करते. यीस्ट वाढवणं, त्याला काय मानवतं आणि काय नाही ते बघणं, यावर माझं पोट चालतं. हे दादाला माहीत आहे. माझ्या नोकरीचे पेढे त्यानेच वाटले होते. तरी तो म्हणाला, "यीस्ट जिवंत असतं, बरं का." आणि गीझरचं वाफाळतं पाणी त्याने त्याच्यावर ओतलं.

पीठ फुगलं नाही, यात आश्चर्य काहीच नव्हतं. दादाने ते दोनदा उघडून पाहिलं आणि लखनऊच्या मैद्याला दोष दिला. मग लखनऊच्या थंडीला. मग मला, कारण मी म्हणे यीस्ट जुनं आणलं. पाणी जास्त गरम होतं, असं मी सांगितलं, तेव्हा तो त्या प्रेमळ हसण्याने हसला, ज्या हसण्याने लहानपणी तो मला क्रिकेटमधून बाहेर बसवायचा. "तिथे असंच करतात," तो म्हणाला. शेवटी तेलातून निघाले ते तपकिरी, जड, आतून पिठूळ गोळे. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी एक उचलून खाल्ला आणि म्हणाल्या, "अच्छा, गुलगुले बनाए हैं. सोडा कम पड़ गया शायद." दादाचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याची डिग्री काढून घेतली.

त्यानंतर दर रविवारी हा प्रकार होऊ लागला. मराठी मंडळातली जोडपी त्याने बोलावली. ती माणसं बँकांतली आणि सरकारी कंपन्यांतली, घरापासून लांब राहून सौजन्याची सवय झालेली. काहीही दिलं तरी "वेगळंच आहे हो" म्हणणारी. दादाला वेगळं या शब्दाचा अर्थ चांगलं असाच वाटायचा. तो बशी घेऊन खोलीत फिरायचा आणि सांगायचा की बाजारात बायका मोठ्या कढया मांडून बसतात, मी रोज तिथे उभा राहून खायचो, त्यांनीच मला हाताची ढब शिकवली. मग हवेत मूठ वळून अंगठ्याच्या फटीतून पीठ कसं पिळायचं ते करून दाखवायचा. प्रत्यक्षात त्याच्या मुठीतून सुटणाऱ्या गोळ्यांना शेपट्या फुटायच्या.

आमच्या संस्थेत शेजारच्या प्रयोगशाळेत एक नायजेरियन मुलगी पीएचडी करत होती. इबादानची. शिष्यवृत्तीवर आलेली, दोन उन्हाळे लखनऊत काढलेली. हिंदी इथेच शिकली, त्यामुळे ती सगळ्यांना आप म्हणायची, कँटीनवाल्यालासुद्धा. माझ्याशी तिची ओळख चहापुरती होती. एकदा बोलता बोलता मी भावाच्या रविवारांचं सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला चहाचा कप खाली ठेवावा लागला. मी तिला घरी बोलावलं. दादाला फक्त एवढंच सांगितलं की लॅबमधली एक मुलगी येणार आहे.

ती आली तेव्हा दुपारचं ऊन बाल्कनीत आलं होतं. दादा तिला पाहून हरखला. आपली माणसं भेटली, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि तिचा हात बराच वेळ हलवत राहिला. तिने विचारलं, स्वयंपाकघर किधर है. बाह्या वर केल्या, पाण्यात बोट बुडवून ते कोमट असल्याची खात्री केली, आणि मैदा, साखर, यीस्ट, जायफळ, मीठ सगळं एकत्र करून हातानेच फेटायला लागली. पातेल्याच्या कडेला पीठ आपटल्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. मग तिने माझ्या मुलीला रजई आणायला सांगितली आणि झाकलेलं पातेलं बाळासारखं रजईत गुंडाळून बाल्कनीतल्या उन्हात ठेवलं. माझी मुलगी तिच्याबरोबर तिथेच बसून राहिली. दोघींच्या हिंदीत गप्पा चालल्या होत्या.

दादा मात्र अस्वस्थ झाला होता. तो बाल्कनीच्या दारात उभा राहून आपल्या आठवणी सांगू लागला. तिने मन लावून ऐकलं आणि साधेच प्रश्न विचारले. कुठला बाजार? बस कुठे पकडायचात? सोबत तिखट चटणी घ्यायचात का? दादाला बाजाराचं नाव येईना. बसचं तर काहीच येईना. हळूहळू एक एक गोष्ट उघडी पडली. कंपनीची भिंतीआडची वसाहत होती, कंपनीची गाडी होती, आणि संध्याकाळी पफ-पफ करून टेबलावर आणून ठेवणारा एक स्वयंपाकी होता. बाजारातल्या बायका दादाने गाडीच्या काचेतून पाहिल्या असतील. बहुधा.

"अच्छा, तो वो बनाते थे," ती म्हणाली. "उनका नाम क्या था, अंकल?"

"कुक था," दादा म्हणाला. "हम लोग कुक ही बोलते थे."

"इतने साल?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती उठली, रजई बाजूला केली, झाकण काढलं. पीठ पातेल्याच्या काठापर्यंत आलं होतं आणि त्यावर बुडबुडे फुटत होते. ते घेऊन ती आत गेली आणि तळायला लागली. तिच्या मुठीतून गोळे टपाटप सुटत होते, तेलात पडून आपोआप कुशीवर वळत होते. ते हलके होते, आतून मऊ आणि जाळीदार, जायफळाचा वास येणारे. आम्ही कढईपाशीच उभे राहून खाल्ले. दादाने दोन खाल्ले आणि म्हणाला की तिकडे असेच असायचे.

ती गेल्यावर त्याने लागोसच्या दिवसांतल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. आपल्या कुकचं नाव काय होतं रे, दादाने विचारलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, कोणता, तो उंच की त्याच्या आधीचा? दादाला आधीचा कोणी होता हेच आठवत नव्हतं. मग दोघं त्या उंच माणसाविषयी बोलले. तो चांगला होता, प्रामाणिक होता, दादाला मलेरिया झाला तेव्हा त्याच्या खाटेपाशी बसून त्याला पेज भरवत होता. नाव दोघांनाही येईना. मग बोलणं प्रॉव्हिडंट फंडावर गेलं.

फोन ठेवून दादा मला म्हणाला, "त्यांची नावं फार अवघड असतात गं."

मी भांडी आवरत होते. मी म्हणाले, "दादा, तुझ्या कारखान्यातल्या प्रत्येक जर्मन मशीनचं नाव तू जर्मन माणसासारखं उच्चारतोस."

तो उठून आपल्या खोलीत गेला. मला वाटलं, आता त्याला लागलं असेल. जेवायच्या वेळी तो आला आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा कळलं की लागलं वगैरे काही नव्हतं. ज्याने आपल्याला तापात भरवलं त्याचं नाव माहीत नसण्याची लाज वाटायला आधी तो माणूस आहे हे लक्षात यावं लागतं. माझ्या भावाच्या लेखी ती कंपनीने दिलेली सोय होती. गाडी, एसी, कुक. आपल्या सख्ख्या भावाविषयी असा विचार करताना बरं वाटत नाही, असं लोक म्हणतात. मला त्या रात्री शांत झोप लागली.

दादाने पुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. रविवारी त्याला कारखान्यात काम निघू लागलं. ती मुलगी मात्र येत राहिली. माझी मुलगी तिच्याकडून पीठ फेटायला शिकली, आणि मीही, चुका करत करत. समोरच्या आंटींनी त्यात एकदा बडीशेप घालून पाहिली, ती तिला अजिबात आवडली नाही आणि तिने ते आंटींना तोंडावर सांगितलं. आंटींना याचा राग न येता कौतुक वाटलं. प्रबंध दिला आणि ती इबादानला परत गेली. आता तिथल्या विद्यापीठात शिकवते. माझ्या मुलीशी तिचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त होतं.

दादाची पुन्हा नाशिकला बदली झाली. मागच्या वर्षी एका चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला तो माझ्या समोर बसला होता. शेजारच्या व्याह्यांना तो सांगत होता की लखनऊला असताना बहिणीच्या घरी एक नायजेरियन मुलगी यायची, बिचारीला घरचा पदार्थसुद्धा धड येत नव्हता, मीच तिला पफ-पफ शिकवले. व्याही कौतुकाने मान हलवत होते.

मी म्हणाले, "तिने केले आणि ह्याने खाल्ले. एवढंच झालं."

व्याही मोठ्याने हसले. दादाही हसला, माझ्या पानात वाढायला म्हणून त्याने वाढप्याला हाक मारली, आणि मूठ वळून पीठ कसं पिळायचं ते व्याह्यांना दाखवू लागला.