कुत्र्याला देवी काढायच्यात

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. भोर-वेल्ह्यात मी बैलांपेक्षा जास्त डोकं कुत्र्यांच्या लशीवर फोडलं. वेळेत टोचलं नाही तर कुत्रं जायचं, कधी माणूसही. हे सांगून सांगून घसा बसला!

*

पासलीचे एक पाहुणे पहाटे निघून कुत्रं घेऊन आले.

"डाक्टर, ह्याला देवी काढायच्यात."

म्हटलं, "देवीची लस माणसांना टोचतात. ह्याला पिसाळण्यावरची लस टोचू."

"पर ह्ये कुटं पिसाळलंय?"

"पिसाळल्यावर उपयोग नसतो, अहो!"

पाहुण्यांनी बराच विचार केला. "बरं. मग पिसाळलं की आणतो." आणि दोरी धरून चालू लागले.

*

भोरमधले कचेरीतले एक भाऊसाहेब. त्यांची पॉमेरियन कुत्री होती.

"आमच्या बेबीला जे जे दिलं, ते सगळं हिला द्या. ट्रिपल, पोलिओ, सगळं."

मी समजावलं, की तीन महिन्यांची झाली की पिसाळण्यावरची लस, मग दरवर्षी तीच. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगावरची हवी असेल तर पुण्याहून मागवावी लागेल. त्यांनी मान डोलावली. मी टोचलं.

दुसऱ्या दिवशी दारात हजर. "डॉक्टर, बेबीला ताप आला होता. हिला आला नाही. औषधात पाणी होतं का?"

*

वेल्ह्यात कॅम्प होता. लस गार ठेवायची म्हणून मोठ्या थर्मासात बर्फ भरून एसटीनं नेला. उन्हानं जीव गेलेला. थर्मास ओसरीवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो.

परत आलो तर ग्लास समोर! यजमान म्हणाले, "घ्या डॉक्टर, तुमच्याच बर्फाचं सरबत केलंय. बाटल्या काढून नीट उन्हात मांडल्यात, फुटायला नकोत."

लस वाया गेली. सरबत प्यायलो आणि उभ्या उभ्या एसटी धरली.

*

सारोळ्याचा हॉटेलवाला कुत्र्याला ओढत आला. "टोचा ह्याला, आत्ताच्या आत्ता!"

"का, कुणाला चावला?"

"मेव्हण्याला."

"मग मेव्हण्याला न्या ना दवाखान्यात!"

"त्यो पोटातल्या इंजेक्शनाला लई भितोय, सायेब. म्हनला, माज्या वाटणीची कुत्र्यालाच द्या."

*

भोंगवलीत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. लोकांनी ते मारलं, पण त्याआधी ते एका आजींच्या मोत्याला चावलं होतं. मोत्याला मी गेल्याच वर्षी टोचलं होतं. पोहोचलो तेव्हा आजींच्या अंगणात माणसं काठ्या घेऊन उभी, मोत्या खुंट्याला बांधलेला.

मी म्हटलं, "ह्याला लस दिलेली आहे. आज परत देतो. बांधून ठेवा, लक्ष ठेवा. मारू नका."

एकजण पुढं आला. "टोचलंय म्हनता, तर वण कुटंय?" त्यानं बाही सारून स्वतःच्या दंडावरचा देवीचा वण दाखवला. "ह्यो बगा आमचा. ज्याला वण न्हाई, त्याला लागू पडलं न्हाई!"

कुत्र्याच्या लशीचा वण उठत नाही, हे मी जीव तोडून सांगत होतो. कुणी ऐकेना. काठ्या वर झाल्या.

आजी मोत्याच्या आडव्या आल्या. चोळीची बाही वर सारली. दंड कोरा होता.

"माज्या बी देवी कवा उठल्या न्हाईत, बाबांनो. पैली काठी हितं मारा."