अल्टरनेटर बघितला, असं मी लेकीला सांगितलं

माझी लेक जीप चिखलात घालायची आणि त्या चिखलापासून जीपचा अल्टरनेटर सांभाळणं माझं काम होतं. आमच्यात वाटणी इतकी साधी होती.

देवासच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होतो. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलो आणि इकडचेच झालो. लेक इथेच जन्मली, हिंदी शाळेत शिकली. मराठी बोलायची, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या पानावर तिला झोप यायची. ती बारावीत असताना तिची आई गेली. मग घरात आम्ही दोघंच. सकाळचा स्वयंपाक तिचा, संध्याकाळचा माझा. भांडण नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. जीप आली आणि आम्ही बोलायला लागलो.

ती जीप माझ्या एका जुन्या सोबत्याची. त्याची देवासजवळच्या पीपलरावां गावी शेती आहे. सोयाबीनची पोती वाहून वाहून जीप खिळखिळी झाली होती आणि त्यानं नवी पिकअप घेतली होती. लेक तेव्हा कॉलेज संपवून एका कोचिंगमध्ये गणित शिकवत होती. तिनं जीप मागून घेतली. मला वाटलं, महिनाभर हौस करील. पण पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सोबत्याच्या पडीक तुकड्यात, जिथं बैलसुद्धा पाय टाकायला बघत नाहीत अशा काळ्या मातीत, तिनं ती जीप घातली आणि पलीकडे काढली. घाई नाही, उगाच ॲक्सिलरेटर नाही. सोबती इकडच्या बोलीत मला म्हणाला, "भिया, ही पोरगी गाडीशी बोलते."

त्याच दिवशी परतताना चार्जिंगचा दिवा लागला. घरी बोनट उघडून पाहिलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चिखलानं लिंपलेला. या जीपमध्ये तो इंजिनच्या खालच्या अंगाला बसतो, पुढच्या चाकाजवळ. चाकानं उडवलेला सगळा राडा त्याच्यावरच. आत कार्बनचे दोन छोटे ब्रश असतात. त्यांच्यात माती गेली की ते झिजतात, बेअरिंगमध्ये गेली की ते करकरायला लागतं आणि एक दिवस जाम होतं. मी तिला तो खोलून दाखवला. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, नाकाला ग्रीस लागलेलं.

पहिल्यांदा आम्ही मूर्खपणा केला. तो प्लॅस्टिकमध्ये पुरता गुंडाळला. आठ किलोमीटरवर जळका वास. त्याला पाण्यापासून वाचवायचं, पण हवा तर लागतेच. मग भंगारवाल्याकडून कन्व्हेअरच्या जाड रबरी पट्ट्याचा तुकडा आणला, कापून खालून आणि चाकाच्या बाजूनं आडोसा केला, मागची बाजू मोकळी सोडली. वायरींच्या जोडांत ग्रीस भरलं. नियम ठरवले: पाण्यात शिरण्याआधी इंजिन जरा थंड होऊ द्यायचं, पाण्यात सावकाश जायचं, घरी आल्यावर जोराच्या फवाऱ्यानं कधी धुवायचं नाही, साध्या पाइपनं हळू धुवायचं. आणि शेवटी अल्टरनेटरचा पट्टा काढून त्याची पुली, म्हणजे चाकी, हातानं फिरवून ऐकायचं. ते ऐकणं माझ्याकडे. गाडीचं बाकी सगळं ती स्वतः बघायची, पण अल्टरनेटरला हात लावायची नाही. विचारायची फक्त.

तीन वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यातली ती फार चांगली वर्षं होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

इंदूर-धारकडची जीपवाली मंडळी तिला ओळखायला लागली. लहानसहान स्पर्धांत ती पहिली-दुसरी यायची. मग गोव्याचा एकजण आला. तो लोकांना डोंगरात, नदीनाल्यांत गाडी चालवायला शिकवायचा. तिचं चालवणं बघून तो म्हणाला, धारपलीकडे तिरल्याजवळच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत ये, माझ्याकडे गोव्याला शिकवायला ये. तिनं मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, छान आहे. भाजी वाढून घेतली. त्या भाजीला मीठ नव्हतं, हे आम्हा दोघांनाही जेवण संपेपर्यंत कळलं नाही. ती आनंदात होती म्हणून आणि मी घाबरलो होतो म्हणून.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी ती पीपलरावांला सरावाला गेली आणि नाल्यात जीप बोनटपर्यंत बुडवून आली. शनिवारी सकाळी मी पट्टा काढला आणि पुली फिरवली. करकर आली. स्पष्ट. मागचं झाकण खोललं तर ब्रश झिजून नखाएवढे राहिलेले. नवे ब्रश, नवं बेअरिंग कपाटाच्या खणात होतं, मीच आणून ठेवलेलं. तासाभराचं काम. मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. ठरवून काही केलं, असं म्हणता येत नाही. केलं नाही, एवढंच. मनात आलं, पहिल्या फेरीत दिवा लागेल, ती बाजूला होईल, आपण घरी येऊ. पुढच्या वर्षी बघू. मी झाकण लावलं, पट्टा चढवला, रबराचा आडोसा पुन्हा कसला. तो मात्र नीट कसला.

ती चहा घेऊन बाहेर आली. "बाबा, अल्टरनेटर बघितला?"

"बघितला. चांगला आहे."

तिनं कप माझ्या हातात दिला आणि चाकांची हवा बघायला वाकली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती कधीच दुसऱ्यांदा विचारायची नाही.

दुसऱ्या दिवशी तिरल्याच्या पुढे एका टेकडीखाली स्पर्धा होती. सप्टेंबरचे दिवस, नाला भरून वाहत होता. शेजारच्या सीटवर तिची कॉलेजातली मैत्रीण बसली होती, रस्ता सांगायला. मी काठावर. पहिली फेरी तिनं अशी काढली की बघणारे गप्प झाले. दुसऱ्या फेरीआधी एकाची गाडी चढावर अडकली, तर ही आपणहून गेली आणि आपल्या जीपच्या विंचनं, म्हणजे पुढे बसवलेल्या बॅटरीवरच्या दोर-रहाटानं, तिला ओढून काढलं. पंधरा मिनिटं विंच चालली. विंच बॅटरी खाते, आणि खाल्लेलं भरून द्यायला अल्टरनेटर लागतो. तो कसा आहे, हे तिथं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

परत येऊन तिनं गाडी माझ्याजवळ उभी केली. खिडकीतून म्हणाली, "बाबा, चार्जिंगचा दिवा मधूनच लुकलुकतोय."

शनिवारचं मी विसरलेलो नव्हतो. तोंड उघडायला तेवढा वेळ होता. मी म्हणालो, "जोड ओला झाला असेल. जा तू."

तिनं मान हलवली आणि गेली.

नाल्याच्या मध्यावर मागचं चाक खड्ड्यात गेलं. इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. एरवी तिनं सेल्फ मारून दोन सेकंदांत चालू केलं असतं. सेल्फनं नुसतं टक केलं. पुन्हा टक. विंचही हलेना. जीप एका अंगाला कलली आणि पाणी सीटपर्यंत आलं. दोघी खिडकीतून टपावर चढल्या. मैत्रिणीला पोहता येत नव्हतं; लेकीनं तिचा हात मनगटाशी धरून ठेवला होता. मी कमरेइतक्या पाण्यात गेलो, तेव्हा काठावरच्या दोघा माणसांनी मला मागून धरलं. ट्रॅक्टर येऊन दोर लागेपर्यंत अर्धा तास गेला. कुणाला खरचटलंही नाही. पण इंजिनात पाणी शिरलं होतं, जीप संपल्यात जमा होती.

काठावर ती एका दगडावर बसली. बूट काढून त्यातला चिखल ओतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चूक माझी आहे, बाबा. विंच जास्त चालवली मी. बॅटरी पूर्ण खाली करून टाकली."

मी म्हणालो, "होतं असं."

याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

परतताना आम्ही कुणाच्या तरी गाडीत मागे बसलो होतो. धारला चहासाठी थांबलो. तिनं कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. गोव्याच्या माणसाला तिनं स्वतःच निरोप पाठवला, आपली चूक काय झाली ते सगळं लिहून. त्यानं चांगलं उत्तर दिलं, पुढे बघू म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. जीप वर्षभर अंगणात उभी राहिली. ती तिच्याजवळ फिरकत नसे. मी दोनदा म्हटलं, इंजिन बांधून घेऊ. ती म्हणाली, "नको बाबा. ज्याला बॅटरी सांभाळता येत नाही, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?" शेवटी जीप इंदूरच्या एकानं नेली. नेण्याआधी मी अल्टरनेटर उतरवला आणि नवे ब्रश, बेअरिंग घालून परत बसवला. का, ते सांगता येत नाही.

तिनं पुण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली आणि गेली. म्हणजे ज्याच्या भीतीनं मी ते केलं, ते झालंच. फक्त गोव्याला ती हसत गेली असती.

पुढच्या वर्षी गणपतीत ती घरी आली. शेजारची एक मुलगी नुकतीच गाडी शिकली होती. तिला लेक समजावत होती: आपली चूक आपण आधी ओळखायची, मी ओळखली नाही, एका मुलीचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला होता. मी दाराआड होतो. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, पाठ झालेलं काही तरी होतं. दोन वर्षं ती हे स्वतःला म्हणून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही माताजीच्या टेकरीवर गेलो. उतरताना मला दम लागला म्हणून पायऱ्यांवर बसलो. खाली गाव पसरलेलं, कारखान्यांची धुरांडी. तिथं मी तिला सांगितलं. पुली फिरवली तेव्हापासून सगळं, क्रमानं. गोव्याच्या भीतीचंही सांगितलं. माणसं आमच्या बाजूनं चढत-उतरत होती. ती पुढे बघत ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "दिवा लुकलुकतोय असं मी म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"ती पण गाडीत होती, बाबा. तिला तर पोहताही येत नाही."

खरं सांगायचं तर त्या मैत्रिणीचा विचार मी कधी केलाच नव्हता. इतकी वर्षं मी माझ्या अपराधातसुद्धा फक्त लेक आणि मी, इतकंच धरलं होतं.

ती उठली आणि उतरायला लागली. वाटलं, निघून गेली. पण खाली पोचलो तर ती माझ्या चपला हातात घेऊन उभी होती. चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि रिक्षा बघायला गेली. घरी आल्यावर रात्रीचं जेवण झालं, आरती झाली. सकाळी ती इंदूरच्या बसनं गेली. जाताना पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला तर मान किंचित बाजूला गेली. मुद्दाम नसेल.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. दर रविवारी फोन करते. ब्लडप्रेशर विचारते, गोळ्या आहेत का विचारते, शेजाऱ्यांचं विचारते. मैत्रिणीला तिनं सगळं सांगितलं, हेही तिनंच मला फोनवर सांगितलं, आणि पुढे हवेबद्दल बोलली. मैत्रिणीला मी एक पत्र लिहिलं, हिंदीत. उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा धरायचा हक्क मला नाही. आणि रविवारचा तो फोन मी जपून घेतो. आता उगाच काही मागत नाही.

तिनं पुण्यात जुनी गाडी घेतली, चारही चाकांना ताकद असणारी, हे मला माझ्या बहिणीकडून कळलं. सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत जाते म्हणे, पुन्हा चिखलात. ते ऐकून मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. बरं वाटलं म्हणून.

गेल्या दिवाळीत ती त्याच गाडीनं एकटी आली. सकाळी मी अंगणात गेलो. चाकांच्या आत वाळलेला लाल चिखल होता. बोनटवर नुसता हात ठेवला. ती दारात आली, केस बांधत.

"येताना दिवा लागला होता का?" मी विचारलं.

"हं. धामनोदच्या घाटापासून."

"बघू का जरा?"

तिनं केस बांधून पुरे केले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "राहू द्या, बाबा. भोपाळ चौराह्यावर एकजण आहे, त्याला दाखवून आणते. तुम्ही पोहे करून ठेवा."

तिनं गाडी मागे घेतली. मी फाटक धरून उभा होतो. गाडी कोपऱ्यावरून वळली, तेव्हा सवयीनं फाटक लावून घेतलं. मग पुन्हा पूर्ण उघडलं, ते मिटू नये म्हणून कडेला विटा लावल्या आणि पोहे भिजवायला आत गेलो.