मिशी नसलेला फोटो

फोन आला तेव्हा मी डहाणूच्या शाळेत पाचवीला भागाकार शिकवत होते. पलीकडे आमची मनाली. "आई, बाबा गाडीखालून बाहेर आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागीच..." मी खडू ठेवून तशीच निघाले, पण ते गेलेच होते. त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघतो आणि गोंधळतो. ज्यांची मिशी हायवेवर प्रसिद्ध होती त्या माझ्या नवऱ्याला, यशवंतना, या फोटोत मिशीच नाही. फोटो मनालीने निवडला आहे. का, तेच सांगायला बसले आहे.

यशवंत मोटारींचे एसी दुरुस्त करायचे. तळासरीला हायवेलगत दुकान. स्वभाव नम्र वगैरे अजिबात नव्हता. "चुकलो तर मिशी काढीन," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की जुनी गिऱ्हाइकं ते त्यांच्याआधी म्हणून दाखवायची. पण बढाईच्या पाठीशी काम होतं. गॅस गळत असेल तर नुसता भरून गाडी सोडायची नाही, गळती सापडलीच पाहिजे, हा नेम. "फुटक्या घागरीत पाणी भरायला मी बसलेलो नाही." गळती शोधायला त्यांना रिठ्याचा फेस लागायचा. विकतची बाटली चालत नसे. रिठे मी घरी भिजत घालून, कोळून द्यायचे. जोडावर फेस लावला की हवा सुटते तिथे बुडबुडा फुगतो. गाडी दुरुस्त झाली की एसी लावून विवळवेढ्याला महालक्ष्मीपर्यंत फेरी मारायची, देवीला हात जोडायचे आणि मगच चावी द्यायची.

मग विजेच्या गाड्या आल्या. पन्नाशी उलटलेला हा माणूस संध्याकाळी माझ्यासमोर वही उघडून बसू लागला, इंग्रजी शब्द पाठ करू लागला. मनाली आयटीआय करून दुकानात आलीच होती. बापलेक दोघं वापीला जाऊन ते काम शिकून आले. त्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं, दुसऱ्या तेलाचा थेंबही चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी गॅस भरायच्या नळ्याही वेगळ्या ठेवल्या. माझ्या जुन्या साडीचा लाल काठ बांधलेल्या त्या नळ्यांना पेट्रोलच्या गाडीजवळ नेलं तर ते अंगावर यायचे. काळजी एकच होती. गिऱ्हाईक मनालीच्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, "शेठ कुठे गेले?" हे जेवताना म्हणायचे, "माझ्यामागे हिच्या हातात गाडी देईल का गं कोणी?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायचे.

अशात कैनाडचे चिकूवाले हसमुखभाई विजेची गाडी घेऊन आले. गॅस पुन्हा पुन्हा उडून जायचा. त्याच गॅसवर बॅटरीही थंड राहते, त्यामुळे गाडी चार्ज व्हायला रडायची आणि म्हाताऱ्या आईला वलसाडच्या दवाखान्यात न्यायचे वांधे. "यशवंतभाई, गॅस भरी द्या ने, बस झालं," ते म्हणाले. यशवंतनी मिशीला पीळ दिला. समुद्राकाठची गाडी, खारी हवा, तिने पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सरच खाल्ला असणार. "नसला तर मिशी काढीन." मी त्या दिवशी सुट्टी म्हणून डबा घेऊन गेले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. यांनी बॅटरीचा मोठा प्रवाह तोडला, तो उतरेपर्यंत थांबले, गळती दिसावी म्हणून गाडीच्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला, कंडेन्सरला फेस लावला. बुडबुडा नाही. पुन्हा लावला. नाही. हसमुखभाई छताकडे बघायला लागले... तेवढ्यात गाडीखालून मनालीचा आवाज आला, "बाबा, इकडे या." बॅटरी थंड करणाऱ्या भागाच्या जोडावर फेस टम्म फुगला होता. आतली रबरी रिंग चिरली होती.

दुसऱ्या दिवशी हे सफाचट तोंडाने दुकानात उभे. येईल त्याला सांगत होते, "माझ्या पोरीनं माझी मिशी उतरवली." हसमुखभाई आईला घेऊनच गाडी न्यायला आले. तिने थंड झोताला हात लावला आणि मनालीला म्हणाली, "तू करी ने, दीकरी?" म्हणजे तूच केलंस ना, पोरी. तेव्हा यशवंतनी तिथेच फोटो काढायला लावला. मिशी पुढे परत वाढली, पण माझ्या नवऱ्याला इतकं ताठ उभं राहिलेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

ते गेले आणि दुकानाचं शटर खाली आलं. नातेवाईक म्हणाले, भाड्याने द्या, मुलीच्या जातीला हायवेवर कशाला? गेल्या सोमवारी ती नुसती झाडलोट करायला म्हणून गेली. दुपारी शाळेत फोन वाजला, पुन्हा मनालीचाच.

"आई, झरी गावची गाडी आलीय, विजेची. गॅस गळतोय. उद्यासाठी रिठे भिजव."

मागून कोणीतरी विचारत होतं, "पण बघणार कोण?"

"मीच," ती त्याला म्हणाली. मग मला हळूच, "कंडेन्सरच आहे, आई. पैज लावलीय."

"कशाची? तुला कुठे मिशी आहे?"

"वेणीची."

तिची वेणी कमरेपर्यंत आहे, लहानपणापासून मी घातलेली. "नीट शोध गं बाई," एवढंच म्हटलं, आणि घरी येऊन रिठे मूठभर जास्तच भिजत घातले.